घरगुती चित्रफितीचें रीळ

वाडवडिलांची जुनी पेटी उघडली असतां तीत कधीं कधीं वाटोळे चपटे डबे निघतात आणि त्या डब्यांत अरुंद चित्रफिती गुंडाळून ठेविलेल्या आढळतात. अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं या फितींवर आहे तरी काय. आणि दुसरा हा, कीं त्या पाहावयास प्रोजेक्टर कोणाकडे मिळेल. फीत ज्यावर गुंडाळलेली आहे त्या रिळाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. सतारीस गवसणी कशी असावी, पोथीस बासन कोणतें असावें, याविषयीं जीं माणसें चोखंदळ असतात, तींच रिळाच्या बाबतींत हातास लागेल तें घेऊन मोकळीं होतात. रीळ म्हणजे फीत धरून ठेवावयाच्या दोन चकत्या, त्यांत निवडावयाचें तें काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे, तर तिच्यापायीं पुष्कळ घरांतील अमोल वस्तूंचा हळूहळू नाश होत आहे, असें आमचें मत आहे.

अमोल हा शब्द आम्हीं विचारपूर्वक योजिला आहे. व्यवसायी चित्रपटाची एक मूळ फीत असते व तिच्यावरून पाहिजे तितक्या प्रति काढितात. एक फाटली तर दुसरी काढितां येते. घरगुती फितीची गोष्ट अगदीं निराळी. ती बहुधा अशा रीतीनें धुतली जाते, कीं जी फीत कॅमेऱ्यांतून गेली तिच्यावरच उलट चित्राऐवजीं सुलट चित्र तयार होतें, आणि तीच फीत पुढें प्रोजेक्टरवर चढवावयाची असते. म्हणजे मूळ प्रत व दाखविण्याची प्रत एकच. आजीच्या लग्नांतील पंगत, विहिरीच्या कांठीं हंसत उभीं असलेलीं भावंडें, भिंतीस धरून पहिलें पाऊल टाकणारें मूल, या सर्वांचें जगांत तेवढें एकच चित्र असतें, आणि दर खेळास तें एका रिळावरून दुसऱ्या रिळावर धांवत असतें. ज्या दोन चकत्यांच्या मध्यें ही एकुलती एक वस्तु सांपडलेली आहे, त्या सरळ आहेत कीं वांकड्या, हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा?

या फितींचे मुख्य प्रकार थोडेच आहेत. १९२२ सालीं फ्रान्समधील पाथे कंपनीनें साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फीत काढिली. तिचीं छिद्रें कडेस नसून मध्यभागीं, दोन चित्रांच्या मधोमध असतात. पुढील वर्षीं, म्हणजे १९२३ सालीं, अमेरिकेंतील कोडॅक कंपनीनें सोळा मिलिमीटरची फीत आणिली, १९३२ सालीं आठ मिलिमीटरची, आणि १९६५ सालीं सुपर आठ या नांवाची सुधारलेली फीत. ज्यास भीति वाटत असेल त्याच्या समाधानासाठीं येथेंच सांगून टाकितों, कीं या लहान फिती भडकून पेटणाऱ्या जातीच्या नव्हत. पूर्वींच्या पसतीस मिलिमीटरच्या फिती नायट्रेटच्या असत व त्या दारूगोळ्याप्रमाणें पेट घेत. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास अशाच फितींच्या सांठ्यास आग लागून आपल्या आरंभींच्या चित्रपटांचें जें नुकसान झालें तें भरून येण्यासारखें नाहीं. घरगुती फीत ॲसिटेटची असते. तिचा शत्रु आग नसून हवा, उष्णता, ओल आणि निष्काळजी हात हे होत. हे शत्रु गाजावाजा न करितां काम करितात, म्हणूनच ते अधिक वाईट.

आतां प्रत्यक्ष रिळाकडे वळूं. त्याचें पहिलें अंग म्हणजे मधलें भोंक. जुन्या आठ मिलिमीटर फितीच्या रिळाचें भोंक लहान, सुमारें आठ मिलिमीटर व्यासाचें असतें; सुपर आठच्या रिळाचें मोठें, सुमारें अर्ध्या इंचाचें. सोळा मिलिमीटरच्या रिळाचें भोंक चौकोनी असतें. कांहीं रिळांचें एका बाजूस चौकोनी व दुसऱ्या बाजूस वाटोळें असतें, म्हणजे तें रीळ प्रोजेक्टराच्या दांडीवर उलटें बसतच नाहीं. पुष्कळ जण भोंक पाहून फितीची जात ठरवितात. येथें मोठा धोका आहे. आठ मिलिमीटरच्या दोन्ही फिती रुंदीस सारख्याच. तेव्हां पूर्वीं कोणी जुनी फीत सुपर आठच्या रिळावर, किंवा सुपर आठची फीत जुन्या रिळावर, सहज गुंडाळून ठेविली असण्याचा संभव असतो. रिळावर विश्वासून ती भलत्याच प्रोजेक्टरमध्यें घातली, तर दांत्यांचें चाक फितीच्या छिद्रांशीं जुळत नाहीं व हात हात लांब छिद्रें फाटत जातात. यासाठीं फीत उजेडासमोर धरून पाहावी. छिद्र मोठें असून दोन चित्रांच्या सांध्यापाशीं असेल तर फीत जुनी आठ मिलिमीटरची. लहान असून चित्राच्या मध्याशीं असेल तर सुपर आठ. जात ओळखल्यावर फीत तिच्या जातीच्या रिळावर घ्यावी. भोंकांत बसविण्याच्या चकत्या वापरून वाटेल तें रीळ वाटेल त्या दांडीवर चढवितां येतें हें खरें. परंतु पुढें ती पेटी ज्याच्या हातीं पडेल त्यास फसविण्याचीच ती तजवीज होते.

दुसरें अंग गाभा. आमच्या समजुतीप्रमाणें रिळाच्या निवडींत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. फीत ओढून घेणारें जें रीळ असतें त्याची दांडी पट्ट्यानें फिरते व ती जवळजवळ सारख्याच जोरानें फीत ओढीत असते. गाभ्यावर फितीचे दोन चारच वेढे असतात तेव्हां हा जोर आंसाच्या अगदीं जवळ लागतो व फितीवर ताण फार पडतो. गठ्ठा वाढत जाऊन फुगला म्हणजे तोच जोर दूर अंतरावर लागतो व ताण कमी होतो. गाभा अडीच सेंटिमीटर व्यासाचा असून भरलेला गठ्ठा सोळा सेंटिमीटरचा झाला, तर आरंभींचा ताण शेवटच्या ताणाच्या सहापटीहून अधिक असतो. गाभा पांच सेंटिमीटरचा असेल तर हाच भेद सुमारें तिपटीवर येतो. यास्तव मोठें रीळ घ्यावयाचें असेल तर जाड गाभ्याचेंच घ्यावें. बारीक गाभ्याचें मोठें रीळ स्वस्त पडतें, त्यावर फीतही अधिक मावते, आणि आंतील वेढे आवळून बाहेरचे सैल राहतात. ज्यानें लहानपणीं पतंगाची आसारी भरली आहे त्यास सैल व आवळ वेढे एकत्र आल्यानें काय होतें हें सांगावयास नको. मांजा गुंततो एवढेंच. परंतु फीत सैल राहून पुढें कोणी टोंक ओढून ती आवळूं लागला, कीं एक वेढा दुसऱ्यावर घांसतो, मध्यें असलेला धुळीचा कण कांचेवर खिळा ओढावा तसा ओरखडा काढीत जातो, आणि आजीच्या लग्नांत उन्हाळ्याच्या भर दुपारीं पाऊस पडूं लागतो. प्रेक्षक त्यास जुन्या चित्राची शोभा समजतात. ती शोभा नव्हे, ती जखम आहे.

गाभ्यावरच फितीचें टोंक धरण्याची खांच असते. सुपर आठच्या पुष्कळ प्रोजेक्टरांचीं घेणारीं रिळें टोंक आपोआप पकडतात. सोयीचीं खरीं, परंतु ओढून घेण्यापुरतींच. ज्या रिळावर फीत कायमची ठेवावयाची त्याची खांच फितीचें टोंक हलकेंच धरणारी असावी. खेळ संपतांना टोंक खांचेंत अडकून राहिलें तर यंत्र तें ओढून फाडितें, आणि दर खेळास चार चार चित्रें कमी होतात. प्रत्येक फितीच्या आरंभीं व अखेरीस चार पांच फूट कोरी फीत जोडणें हा यावर उत्तम उपाय आहे.

तिसरें अंग म्हणजे कडेच्या तबकड्या. धातूचीं रिळें बरीं कीं प्लॅस्टिकचीं, हा वाद जुना आहे. पोलादी रीळ मजबूत, परंतु एकदां हातून पडलें कीं वांकतें, व वांकलेली तबकडी प्रत्येक फेऱ्यास फितीच्या कडेवर घांसते. खोलींत टक् टक् असा आवाज येऊं लागला म्हणजे समजावें, कीं छिद्रें कुरतडलीं जात आहेत. शिवाय आमच्या कोंकणपट्टींत व मुंबईंत पोलाद म्हणजे गंज आलाच. रंग उडाला कीं तांबडी पूड थेट फितीवर पडते. ॲल्युमिनियमचें रीळ गंजत नाहीं, परंतु तें मऊ असल्यानें लवकर वांकतें. प्लॅस्टिकचें रीळ गंजत नाहीं, वांकल्यास बहुधा तडकतें, आणि तडा डोळ्यांस दिसतो. दिसणारा दोष न दिसणाऱ्या दोषाहून बरा. म्हणून समुद्रकांठच्या वाचकांस आम्ही चांगल्या प्लॅस्टिकच्या रिळाची शिफारस करितों. तें पॉलिप्रॉपिलीनचें असल्यास उत्तम. जुनीं पॉलिस्टायरिनचीं रिळें, म्हणजे तीं चकचकीत व टणक जातीचीं, सुस्थितींत असतील तर चालतील. मात्र त्यांच्या पेटींत डांबराच्या गोळ्या कदापि टाकूं नयेत. लुगडीं शाल्वांच्या ट्रंकेंत ज्या गोळ्या आपण निःशंकपणें टाकतों त्यांची वाफ हें प्लॅस्टिक मऊ करिते. घाटावर, जेथें हवा कोरडी आहे तेथें, सरळ व गंजमुक्त पोलादी रीळ वापरण्यास आमची हरकत नाहीं. रीळ कोणतेंही असो, तें पेन्सिलीवर अडकवून फिरवून पाहावें. तबकडी डोलूं लागली तर त्याचा मोह धरूं नये. बाजारांत जुनीं रिळें ढिगानें विकावयास येतात. त्यांतील दहांपैकीं दोन सरळ निघालीं तरी संतोष मानावा.

आतां आकार. पन्नास फुटांचें रीळ तीन इंचांचें, दोनशें फुटांचें पांच इंचांचें, व चारशें फुटांचें सात इंचांचें असतें. सुपर आठची पन्नास फूट फीत नेहमींच्या गतीनें, म्हणजे सेकंदास अठरा चित्रें या हिशेबानें, ३ मिनिटें २० सेकंद चालते. जुनी आठ मिलिमीटरची पन्नास फूट फीत सेकंदास सोळा चित्रें या गतीनें चार मिनिटांहून किंचित् अधिक. दर साडेतीन मिनिटांनीं दिवा लावून रीळ बदलावयाचें म्हणजे पाहुण्यांचा रसभंग होतो हें उघड आहे. म्हणून हौशी लोक आठ आठ तुकडे जोडून चारशें फुटांचें एक मोठें रीळ करितात आणि सव्वीस मिनिटें निश्चिंत बसतात. आम्हांस ही पद्धति पसंत नाहीं. चारशें फूट फीत पांच सेंटिमीटरच्या गाभ्यावर गुंडाळली असतां गठ्ठा सुमारें सोळा सेंटिमीटरचा होतो, आणि सात इंची रिळाची तबकडी पावणेअठरा सेंटिमीटरहून थोडी अधिक. कडेस बोटभर जागा काय ती उरते. यजमान उत्साहानें आणखी एक तुकडा जोडतो, आणि मग फीत तबकडीबाहेर घसरते. शिवाय एका रिळांतील एक वेढा बिघडूं लागला तर शेजारच्या सर्व वेढ्यांस त्याची बाधा होते. आठ तुकडे एकत्र बांधणें म्हणजे आठांचें दैव एकत्र बांधणें होय. घरगुती खेळास दोनशें फुटांचें पांच इंची रीळ आम्ही योग्य समजतों. त्यांत चार तुकडे बसतात, सुमारें तेरा मिनिटांचा खेळ होतो, आणि तेरा मिनिटांहून अधिक वेळ दुसऱ्याच्या बारशाचीं चित्रें पाहण्याची सहनशीलता आप्तेष्टांतही फारशी आढळत नाहीं. पूर्वीं कोणी जोडून ठेविलेलें मोठें रीळ मात्र कापूं नये. तो क्रम ज्यानें लाविला त्यास त्या दिवसांची माहिती आपल्याहून अधिक होती. तसेंच जे तुकडे सुटे आहेत त्यांचीं मूळ खोकीं फेंकूं नयेत. त्यांवरील टपालाचा शिक्का व पेन्सिलीनें लिहिलेला एखादा शब्द हाच बहुधा त्या फितीचा एकमेव इतिहास असतो.

सोळा मिलिमीटरच्या बाबतींत एकच सूचना. शंभर फुटांच्या ज्या काळ्या रिळावर फीत कॅमेऱ्यांत घालावयाची असते, त्याच्या तबकड्या उजेड आंत शिरूं नये म्हणून फितीस अगदीं भिडलेल्या असतात. तें रीळ कॅमेऱ्याचें. त्यावरून खेळ करूं नये व त्यावर फीत वर्षानुवर्षें ठेवूंही नये.

यावर कोणी म्हणेल, कीं दाखवावयाचें रीळ व ठेवावयाचें रीळ यांत भेद तो कसला? आमच्या मतें भेद आहे. खेळ संपल्यावर कित्येक जण फीत यंत्राच्याच वेगानें सरसर उलटी गुंडाळून घेतात व तशीच डब्यांत टाकितात. वेगानें गुंडाळलेला गठ्ठा कोठें आवळ, कोठें सैल व कडेस पायऱ्यांसारखा होतो. ठेवावयाची फीत हातानें फिरवावयाच्या चाकावर सावकाश, एकसारख्या ताणानें, चांगल्या रिळावर घ्यावी, व डबा उभा न ठेवतां आडवा ठेवावा. खेळासाठीं दुसरें रीळ असूं द्यावें. दोन रिळांचा खर्च फार नाहीं.

डबा व जागा यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण उत्तम रीळ वाईट डब्यांत घालणें व्यर्थ होय. ॲसिटेटची फीत उष्ण व दमट हवेंत हळूहळू विघटन पावते व तीतून शिरक्यासारखा आंबट वास येऊं लागतो. तें आम्लच पुढील विघटनास चालना देतें, म्हणून एकदां आरंभ झाला कीं वेग वाढतच जातो. फीत आंखडते, वळते, ठिसूळ होते, व शेवटीं प्रोजेक्टरांतून जाईनाशी होते. अमेरिकेंत रोचेस्टर येथें चित्रांच्या चिरस्थायित्वाचा अभ्यास करणारी जी संस्था आहे, तिच्या अभ्यासाप्रमाणें २१ अंश सेल्सिअस व ५० टक्के आर्द्रता अशा हवेंत नव्या फितीस हा विकार जडावयास सुमारें चाळीस वर्षें लागतात. आमच्या मुंबईंत आषाढ श्रावणांत आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर असते व २१ अंश तर पौषांतील पहांटेसच लाभले तर लाभतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे आपल्या घरांतील १९६० व १९७० च्या सुमाराच्या फितींची आज कोणती अवस्था असेल याचा तर्क करितां येईल. म्हणून डबा अगदीं हवाबंद नसावा. आंतील आम्लाची वाफ बाहेर पडूं द्यावी. परंतु तो ठेवावयाचें कपाट कोरडें असावें. कौलांखालचा माळा, स्वयंपाकघराची भिंत व न्हाणीघराशेजारची खोली या तीन जागा वर्ज्य. माळ्यावर आपण अडगळ टाकतों, आणि फीत माळ्यावर गेली कीं तीही लवकरच अडगळ होते. ज्या रिळास वास येऊं लागला असेल तें तत्काळ इतरांपासून निराळें ठेवावें. हवेंतील आम्ल ओळखणाऱ्या निळ्या कागदाच्या पट्ट्या मिळतात. डब्यांत ठेविल्यावर त्या हिरव्या व पुढें पिंवळ्या होत गेल्या तर रोग किती वाढला हें समजतें.

सांप्रत असा एक पक्ष निघाला आहे, कीं फीत एकदां संगणकावर उतरवून घेतली म्हणजे मूळ फितीचें व रिळाचें कौतुक कशास? टाकून द्यावी. या पक्षाशीं आमचा तीव्र मतभेद आहे. उतरवून अवश्य घ्यावी. विकार जडलेली फीत तर विनाविलंब. परंतु उतरविण्याचीं यंत्रें वर्षागणिक सुधारत आहेत, आणि आज उतरविलेलें चित्र उद्यां अधिक चांगलें उतरवितां येईल तें मूळ फीत शिल्लक असेल तरच. शिवाय कोडॅक्रोम या १९३५ सालीं निघालेल्या फितीचे रंग अंधारांत ठेविले असतां आश्चर्यकारक टिकतात. ती फीत धुण्याचें काम जगांत शेवटीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत पार्सन्स या गांवीं चालत होतें; २०१० सालाच्या अखेरीस तेथेंही नव्या फिती घेणें बंद झालें. ती आतां पुन्हां कोणी करून देणार नाहीं. आणि संगणकांतील चित्र पाहावयास यंत्र हवें, वीज हवी, त्या काळीं चालू असलेली पद्धति हवी. फीत खिडकीशीं धरली तरी आजोबांचा चेहरा नुसत्या डोळ्यांनीं दिसतो.

इंग्लंडांत केंब्रिज विश्वविद्यालयाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रांत हिंदुस्थानांत राहून गेलेल्या इंग्रज कुटुंबांच्या घरगुती चित्रफितींचा संग्रह आहे. त्या काळचे आपले रस्ते, बाजार, नोकरचाकर, सण त्यांत त्या लोकांच्या नजरेनें दिसतात. आपल्या माणसांनीं आपल्याच घरांत घेतलेलीं चित्रें त्या शेजारीं उभीं करावयाचीं तर तीं आधीं टिकलीं पाहिजेत, आणि तीं टिकविणें कोणा सरकारच्या हातीं नसून ज्याच्या पलंगाखालीं ती पेटी आहे त्याच्या हातीं आहे. आमच्या विद्यार्थ्यांस म्हणून आमची विनंती अशी, कीं दिवाळीच्या सुटींत अशी पेटी घरीं निघाली तर प्रोजेक्टर शोधण्यापूर्वीं प्रत्येक डबा हुंगून पाहावा, रीळ फिरवून पाहावें, छिद्रें तपासावीं, आणि वांकडीं व गंजलेलीं रिळें बाजूस काढावीं. नवीन रिळावर घेतलेल्या फितीच्या कोऱ्या टोंकावर, रिळाच्या तबकडीवर व डब्याच्या झांकणावर, अशा तिन्ही ठिकाणीं एकच अनुक्रमांक न पुसणाऱ्या शाईनें घालावा, कारण डबे व रिळें यांची अदलाबदल होण्यास एक खेळ पुरतो. त्या क्रमांकापुढें वहींत साल, गांव व चित्रांतील माणसांचीं नांवें लिहावीं. नांवें आजीआजोबांस विचारावीं, तीं सुद्धां याच सुटींत. वही पेटींत न ठेवतां कपाटाच्या खणांत ठेवावी.